दादासोंचं व्रत

भाद्रपद लागला आणि आमच्या घरी माणसांची वर्दळ सुरू झाली. चहा आणि सरबत करता करता माझे गुडघे बोलायला लागले. लोक माझ्या नवऱ्याच्या पाया पडायला येत होते.

दादासो म्हणजे काही मुनिमहाराज नव्हेत. लक्ष्मीपुरीत धान्याचं दुकान चालवलं, ते मुलाच्या हाती दिलं, तोंडाचे फटकळ, शेंगदाण्याच्या चटणीवर जीव. मधुमेह जुना, आमचा मुलगा अनेकांत शाळेत होता तेव्हापासूनचा. असा माणूस वर्षभरात शुक्रवार पेठेतल्या आमच्या बोळात पूज्य होऊन बसला होता, आणि पूज्य माणसाच्या बायकोला दिवसभर कपबश्या विसळाव्या लागतात हे कुणी सांगत नाही.

सुरुवात गेल्या भाद्रपदात, दशलक्षण पर्वात झाली. बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, देवापुढे पुजारी उपाध्ये एकेकाला विचारत होते, कोण काय नियम घेणार. कुणी हिरवी भाजी सोडली, कुणी पर्वापुरता मोबाइल सोडला, त्यावर सगळे हसले. तेवढ्यात आमचे हे मागच्या भिंतीला टेकलेले उठले आणि म्हणाले, "मी दिग्व्रत घेतो." दिग्व्रत म्हणजे आपल्या हिंडण्या-फिरण्याला स्वतःच हद्द घालायची आणि तिच्यापलीकडे पाऊल टाकायचं नाही. आमच्यात व्रत जुनं आहे, पण हल्ली घेतं कोण? ह्यांनी हद्द घातली ती इकडे पंचगंगेचा पूल आणि तिकडे रंकाळा तलाव. बाळासोंनी मोठ्याने जयजयकार केला. बाळासो आमच्या बस्तीचे विश्वस्त, आणि त्यांचा आवाज असा की जयजयकारसुद्धा दमदाटी वाटावी.

मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. आयुष्यभर दुकानात आरडाओरडा केलेला माणूस म्हातारपणी शांत होतोय, आणखी काय पाहिजे?

माघात कबनूरला, म्हणजे हद्दीबाहेर, ह्यांच्या पुतण्याच्या मुलीचं लग्न होतं. पुतण्याचे यंत्रमाग आहेत, माणसं मानी आहेत, सख्खा चुलता येत नाही म्हटल्यावर फुगून बसली. पण कार्यालयात कुणीतरी माईकवरून सांगितलं की दादासो व्रतस्थ असल्यामुळे आले नाहीत, तशा टाळ्या पडल्या. रुसवा तिथेच संपला. मी एकटीच पंगतीला बसले आणि एकटीच एसटीने परत आले.

मग एकेक गोष्ट सुटत गेली. चातुर्मास सुरू झाला तसं ह्यांनी हद्द आणखी आवळली. आता घर ते बस्ती, बास. रंकाळ्याची फेरी बंद झाली. पुढे चपला सोडल्या. जेवण एक वेळेवर आणलं, तेही चार घासांत पुरे म्हणायला लागले. भरल्या पोटाने उठू नये, थोडी भूक राखावी, असं आमच्यात सांगतातच, त्यामुळे मी भरलेलं ताट उचलून आत न्यायची आणि काही बोलायची नाही. रात्री आडवं होणंही सोडलं. भिंतीला तक्क्या लावून माळ घेऊन बसायचे, बसल्या बसल्याच डोळा लागायचा. सून आदिती म्हणाली, "आई, अप्पांची साधना वाढलीय." शेवटी श्रावण सरता सरता ह्यांनी बस्तीही सोडली. आता हद्द उंबऱ्याची. उपाध्ये आठवड्याने घरी येऊन गंधोदक, देवाच्या अभिषेकाचं पाणी, देऊन जायचे.

आणि साखर तर काय विचारू नका. सकाळी बोट टोचून मशीनवर बघायची सवय होतीच. जो आकडा इतकी वर्षं कधी ऐकत नव्हता तो आता शहाण्यासारखा वागायला लागला. आमचे नेहमीचे डॉक्टर फोनवर म्हणाले, "अक्काताई, गोळ्यांनी जे झालं न्हाय ते व्रतानं केलं बगा." मी ते आल्या-गेल्याला सांगत सुटले. मग लोक आणखी यायला लागले.

बाळासोंची बहीण आली तो दिवस गुरुवार होता हे लक्षात आहे, कारण नृसिंहवाडीला दत्तदर्शनाला जाणाऱ्या शेजाऱ्यांची गडबड चालली होती. बाई अंगाने भरलेली, भक्तीनेही भरलेली. तिने ह्यांच्या दोन्ही पायांवर अंगठे दाबून डोकं टेकलं आणि बराच वेळ उठलीच नाही. उठली तेव्हा मी सरबताचा ट्रे घेऊन समोर होते. ह्यांच्या पायांवर तिच्या अंगठ्यांचे दोन खळगे तसेच राहिले होते. भिजवलेल्या कणकेत बोट दाबावं तसे. मी बघत राहिले, ते भरून येईनात. ह्यांनी माझी नजर बघितली आणि धोतराचा सोगा पायांवर ओढून घेतला.

धोतर ओढलं नसतं तर मी कदाचित विसरूनही गेले असते. पण माणूस लपवतो तेव्हा त्याला माहीत असतं, एवढं मला शाळेच्या नोकरीत पोरं सांभाळून कळलेलं आहे. सगळे गेल्यावर मी आदितीला म्हटलं, "श्रेयसला बोलव."

श्रेयस आदितीचा भाऊ. हृदयाचा डॉक्टर व्हायला शिकतोय, डोळ्यांखाली कायम काळी वर्तुळं. दुसऱ्या दिवशी दुपारी आला. हे हात लावू देईनात, तर गोड बोलून बसला, पाठीला नळी लावली, पाय दाबले, मानेची शीर बघितली.

"काका, छातीत कधी दुखलंय?"

"न्हाय बा."

"आडवं झोपलं की?"

"झोपतच न्हाय मी. जप करतो."

"जिन्यावर दम लागतो?"

"जिना मी सोडलाय."

श्रेयसने नळी गळ्यात टाकली आणि मला स्वयंपाकघरात बोलावलं. "काकू, काका थकलेत. म्हणजे त्यांचं हृदय थकलंय. फुप्फुसात पाणी आहे. आजच न्यायला पाहिजे."

मी म्हटलं, "अरे, पण साखर तर एकदम नीट येतीय की. रोज बघतो."

"ती रक्तातली. खातच न्हाईत तर वाढणार कशी? बिघाड आत झालाय, तो बोट टोचून दिसत न्हाय." तो ओट्याला टेकला. त्यालाही कुणाला तरी समजावून सांगितल्यावर बरं वाटत असावं. "हृदय सारखं चालतं, त्याला सारखी शक्ती लागते. प्रत्येक पेशी साखर नायतर चरबी जाळून ती बनवते. मधुमेहात पेशी इन्शुलिनला दाद देत न्हाय, त्यामुळं दारात साखर असून आत पुरेशी घेता येत न्हाय. मग ती बहुतेक चरबीवरच चालते. चरबीला ऑक्सिजन जास्त लागतो, काम तेवढंच. वर्षानुवर्षं असं झालं की पेशीतल्या शक्ती बनवणाऱ्या भट्ट्याच नादुरुस्त होतात."

"म्हणून जोर कमी पडतो?"

"जोर नंतर कमी पडतो, काकू. आधी दुसरंच होतं. हृदयाला आवळायला शक्ती लागते तशी सैल पडायलाही लागते. ती मिळाली न्हाय की ते ताठ राहतं. सैल पडल्याशिवाय रक्त आत घेणार कसं? मग मागं तुंबतं. पायात, छातीत. दुखत काही न्हाय. माणूस फक्त एकेक काम सोडत जातो."

सैल पडायलाही शक्ती लागते, हे मला कुणी समजवायची गरज नव्हती. दिवसभराचं उरकून मी अंथरुणाला पाठ टेकते तेव्हा झोप येईल तर शपथ. अंग आवळलेलंच राहतं, कुणाची तरी हाक यायची आहे असं. पण 'एकेक काम सोडत जातो' हे ऐकलं आणि मी मनात मोजायला लागले. रंकाळा सोडला, चपला सोडल्या, जेवण सोडलं, बिछाना सोडला. आम्ही ज्याला वैराग्य म्हणून नमस्कार करत होतो तो आजार होता. वर्षभर तो आमच्या डोळ्यांदेखत एकेक पायरी चढला आणि प्रत्येक पायरीला आम्ही नारळ वाढवला.

बाहेर येऊन मी सांगितलं, "चला, गाडी काढायला सांगते."

"मी उंबरा ओलांडणार न्हाय," हे म्हणाले. "नियम हाय माझा."

अनेकांत दुकानातून धावत आला, तो बोलला, रागावला. आदिती रडली. श्रेयस म्हणाला, काका, दोन दिवसांवर जाऊ देऊ नका, मग माझ्याही हातात काही राहणार नाही. हे आपले माळ ओढत बसले. मणी पुढे सरकत नव्हते हे मला दिसत होतं.

मी पदर खोचून बस्तीत गेले. उपाध्ये गाभाऱ्यातली भांडी पुसत होते. त्यांना सगळं सांगितलं. ते खाली बसले आणि कपाळाला हात लावून म्हणाले, "अहो बाई, आजारपणाला मोकळीक असतीय की. पूज्यपणासाठी कुणी जीव द्यावा असं कुठं लिवलंय? दादासोंस्नी सांगा, मी सांगितलंय म्हणून. पायजे तर मी येतो."

मी घरी येऊन ते सांगितलं. आता तरी उठतील, असं वाटलं होतं. हे म्हणाले, "न्हाय."

मग मात्र माझं डोकं सणकलं. मी सगळ्यांना वर पाठवलं, दार लोटलं आणि त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. "उपाध्ये सोडतात, शास्त्र सोडतंय, मग तुम्हाला धरून ठेवलंय कुणी? खरं सांगा मला."

त्यांनी माळ बाजूला ठेवली. मग म्हणाले, "ते व्रत न्हवतंच गं."

"म्हणजे?"

"रंकाळ्यावर अर्ध्यात बसाय लागायचं. बसलो की ओळखीचा कोण तरी यायचा, काय दादासो, दमला व्हय? मला लई लागायचं ते. मी हमालांबरोबर पोती उचललेला माणूस." श्वास घ्यायला ते थांबले. "त्या दिवशी बस्तीत उपाध्येंनी विचारलं, तवा मी भिंतीला टेकून दम खात बसलोतो. मनात आलं, नियम घेतला तर कुणी विचारणार न्हाय. खरंच कुणी विचारलं न्हाय बग. उलटं पाया पडाय लागले."

"आणि चपला?"

"पाय जात न्हवते त्यात."

"मला का सांगितलं न्हाई?"

"तुला काय सांगू. तू कवा बसलेली दिसतीस?"

मला रडू आलं आणि रागही आला, आधी कोणता ते सांगता येणार नाही. मी म्हटलं, "मग आता तरी चला. खोट्या व्रताला कशाला जपताय?"

"आता कसं जाऊ? मोकळीक घेऊन गेलो तर लोक गाडीपर्यंत ओवाळत येतील. आजारात पण व्रताची काळजी करणारा म्हणतील. आणि खरं सांगितलं तर सोंगाड्या म्हणतील. अनेकांत दुकानात बसतोय, त्याला तोंड दाखवायचं हाय." मग अगदी हळू म्हणाले, "हितंच जातो मी. बरं हाय हे. नाव राहील."

माझ्या नवऱ्याला नाव मागे ठेवून जायचं होतं आणि मला तो हवा होता. फटकळ, चटणी मागणारा, न थांबता बोलणारा. मी हे सगळं बोलणार तेवढ्यात दाराची कडी वाजली आणि बाळासोंचा आवाज बोळातूनच आत आला, "जय जिनेंद्र!"

बाळासोंबरोबर बोळातली चार-दोन माणसं होती, कोपऱ्यावर शिलाईचं दुकान असलेला चमनही होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं, घोळका बघून तो आला होता. बाळासो आत येऊन मांडी घालून बसले. ह्यांच्या चेहऱ्याकडे बघून त्यांचे डोळे भरून आले, ते खरेच भरून आले होते, मला त्यांचा राग करता आला नाही.

"दादासो," ते म्हणाले, "काय तेज हाय तुमच्या तोंडावर. सगळं सुटत चाललंय तुमचं. मी कमिटीत बोललोय. मुनिमहाराजांना इचारून पुढच्या पायरीचं बगू. आपल्या बस्तीत समाधी साधलेला माणूस कवा झाला न्हाय. तुमी व्हणार. पेठेचं नाव हुईल."

पुढची पायरी म्हणजे अन्नपाणी सोडून मृत्यूला सामोरं जाणं. ते मोठं व्रत आहे, ते घेणाऱ्यांपुढे मी मनापासून वाकलेली आहे. पण इथे माझा नवरा बसला होता, त्याच्या फुप्फुसात पाणी होतं, आणि वर जिन्याच्या तोंडाशी श्रेयस हात चोळत उभा होता. मी उभी राहिले. बोलायला तोंड उघडलं आणि ह्यांच्याकडे बघितलं.

ते घाबरले होते. नाव राहील म्हणणारा माणूस, ते नाव समोर येऊन मांडी घालून बसल्यावर पोरासारखा घाबरला होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी तोंड मिटलं. हे त्यांचं त्यांनीच बोलायचं होतं, आणि मी बोलले असते तर ते जन्मभर माझ्यामागे लपले असते.

बाळासो पाया पडायला वाकले.

"पाया पडू नको, बाळासो," हे म्हणाले.

"का हो?"

"हात धर माझा. मला उठवत न्हाय."

बाळासो तसेच वाकलेले राहिले. हे बोलत होते, दोन शब्द आणि श्वास, दोन शब्द आणि श्वास. "व्रत-बित काय न्हाय. मला दम लागतोय. वर्ष झालं. पैल्यापासनं तेच हाय. चालवत न्हवतं म्हणून चालणं सोडलं. मला दवाखान्यात जायाचं हाय. मला मरायचं न्हाय, बाळासो."

माझ्या मनात आलं, आता हसतील, आता कुणीतरी काहीतरी टाकून बोलेल. बाळासोंचं तोंड उघडं होतं. मग ते त्यांच्या त्याच आवाजात ओरडले, "मग बगताय काय पावणं, खुर्ची आणा की!"

आमच्या बोळात चारचाकी येत नाही. चमन दुकानातली प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन आला. एका बाजूने अनेकांत, एका बाजूने चमन, मागून श्रेयस, पुढे लोकांना बाजूला सारत बाळासो. उंबरा ओलांडताना ह्यांनी खाली बघितलं नाही. मी ह्यांच्या गोळ्यांची पिशवी, फाइल, पाण्याची बाटली, शाल, सगळं दोन्ही हातांत घेऊन मागे. दारादारांतून बायका बघत होत्या. एकीने हात जोडले, दुसरीने तिला काहीतरी सांगितलं, तशी तिने हात खाली घेतले.

अर्ध्या बोळात अनेकांतचे हात भरून आले आणि खुर्ची चमनच्या दुकानासमोर टेकवली. गाडी कोपऱ्यावर दिसत होती. श्रेयस म्हणाला, एक मिनिट, त्यांना श्वास घेऊ द्या. सगळे थांबले. मी पण थांबले, पिशव्या तशाच हातात, उभी.

ह्यांनी डोळे उघडले आणि मान वळवून मला शोधलं. ओठ निळसर झाले होते. चमनच्या दुकानाच्या पायरीकडे त्यांनी बोट केलं.

"बस की तिथं," ते म्हणाले. "तू बी दमलीस."

इतक्या वर्षांच्या संसारात हे मला कुणी म्हटलं नव्हतं. बाळासोंनी माझ्या हातातल्या पिशव्या काढून घेतल्या, आणि मी बसले.